शेकडा दोन म्हणजे किती?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात सुटलेले काही तपशील छापताना भरले आहेत.)



मला या सत्राला बोलावलं तेव्हा विषय सांगितला होता 'मुली आणि संगणक'. सुरुवातीलाच कबूल करते की मी संगणकातली नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं, एम.एस.डब्ल्यू.चं. सोलापूरच्या पूर्व भागात समुपदेशन केंद्र आणि बचत गट अशी दोन कामं मी बघते. प्रोग्रामिंग मी आमच्या मुलींबरोबरच शिकले, आणि बरेचदा त्यांच्या एक पाऊल मागेच राहिले. तेव्हा आज मी सांगणार आहे तो एका छोट्या प्रयोगाचा हिशेब आहे. त्यात जमेची बाजू आहे, तशी नावेचीही आहे.

आमच्या वस्तीतल्या बहुतेक घरांत आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि मोबाईलवर हिंदी, अशा तीन भाषांत या मुली वाढतात. २०२५च्या जूनमध्ये आठजणी माझ्याकडे आल्या. सगळ्या अठरा ते एकवीस वयाच्या, कुणी बारावी करून घरी बसलेली, कुणी बी.कॉम.ला. म्हणाल्या, "ताई, आता एआय सांगितलं की प्रोग्राम लिहून देतं म्हणे. आम्हाला शिकवा." २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून या मुली दोन गोष्टी एकाच वेळी ऐकत आहेत. एक, आता प्रोग्रामिंग शिकायची गरजच उरली नाही. दुसरी, जी हे शिकणार नाही ती मागे पडणार. दोन्ही सांगणारे बहुधा पुरुष असतात आणि दोघांकडे स्वतःचा लॅपटॉप असतो, एवढंच माझं निरीक्षण.

आमच्याकडे दान आलेले दोन जुने लॅपटॉप होते. शिकवायला अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक मुलगा रविवारी यायचा. मनानं चांगला मुलगा. पण पहिल्याच दिवशी त्यानं एआयला एक वाक्य सांगितलं, "बचत गटाच्या हिशेबाचा प्रोग्राम करून दे", आणि दहा मिनिटांत पडद्यावर रंगीत तक्ता आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "मॅडम, कोड वाचायची आता गरज नाही." पुढच्या रविवारी त्याची परीक्षा होती. मुलींनी प्रोग्राम सुरू केला तर लाल अक्षरांत काहीतरी चूक दाखवून तो बंद पडला. आठजणी आणि मी, नऊजणी त्या लाल ओळींकडे बघत बसलो. त्यातली एकही ओळ आमची नव्हती. दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहावं आणि पाण्याचा नळ कुठून बंद होतो तेही ठाऊक नसावं, तसं झालं.

म्हणून तो प्रोग्राम आम्ही बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. कशी केली ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर उपयोग तिथंच आहे.

पहिली अडचण संगणकाची नव्हतीच. एआयचं खातं उघडायला गेलो तर त्यानं फोन नंबर मागितला. आठपैकी पाचजणींकडे स्वतःचा फोन नव्हता. घरातला फोन भावाचा, ओटीपी भावाच्या हातात. एका भावानं विचारलं, "रात्री कुणाशी बोलतेस?" तिनं सांगितलं, यंत्राशी. त्याला ते पटलं नाही आणि चार दिवस तिचं येणं बंद झालं. तिच्या घरी मी गेले, तिच्या आईला केंद्रावर घेऊन आले, त्यांना पडदा दाखवला. तेव्हा मार्ग निघाला. मग खातं संस्थेच्या नावानं काढलं आणि वापर फक्त केंद्रावर, दुपारी दोन ते चार. आपण साधनं वाटतो तेव्हा ती कुणाच्या परवानगीनं चालतात हा प्रश्न जुनाच आहे. शिलाई मशीनच्या वेळीही तो होता.

भाषा पायथॉन निवडली. ती १९९१ सालची, मोफत, आणि नवशिक्याला वाचता येईल अशी. त्यात 'व्याज', 'शिल्लक', 'मुद्दल' अशी मराठी नावं देवनागरीत देता येतात हे कळल्यावर मुलींचा अर्धा धसका गेला. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, पण ते पस्तीसेक शब्द पाठ होतात. लिहायला थॉनी नावाचा साधा मोफत संपादक घेतला. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तो शिकणाऱ्यांसाठीच बनवला आहे. प्रोग्राम एकेक पायरीनं चालवून प्रत्येक नावात त्या क्षणी कोणता आकडा आहे ते तो दाखवतो.

एआयचा मदतनीस मात्र आम्ही या संपादकात बसवला नाही. तसे संपादक आहेत. तुम्ही दोन अक्षरं लिहिली की पुढची चार ओळी ते फिकट अक्षरांत सुचवतात. सराव असलेल्या माणसाला ते सोयीचं. पण जिला वाक्य अजून सुचायचं आहे तिच्या तोंडातलं वाक्य कुणी पुरं केलं तर तिला बोलायला येणारच नाही. आपण बायकांनी हा अनुभव बैठकांमधून पुष्कळ घेतलेला आहे. म्हणून एआय दुसऱ्या लॅपटॉपवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. उठून जायचं, विचारायचं, परत येऊन स्वतः टंकायचं.

(मदतनीस हा शब्द मी वापरते खरा, पण आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी त्याला हरकत घेतली. म्हणाल्या, "आम्हाला येत नसेल तर आम्ही येत नाही म्हणून सांगतो.")

कामाचा एक फोल्डर केला. त्यात पहिली फाईल प्रोग्रामची नव्हती. ती साध्या मराठीत होती: हा प्रोग्राम कुणासाठी, काय करणार, काय करणार नाही. दुसरी फाईल एआयसाठी सूचनापत्र. हल्लीचे बरेच मदतनीस असं पत्र कामाच्या सुरुवातीला वाचतात, नाहीतर ते आपणच त्याला पहिल्यांदा चिकटवायचं. आमच्या पत्रात होतं: आम्ही शिकणाऱ्या आहोत, पूर्ण प्रोग्राम देऊ नकोस, एका वेळी एक पायरी, प्रत्येक ओळ का आहे ते सांग, नियम कळला नसेल तर अंदाज करू नकोस, आम्हाला विचार. हे पत्र लिहायला मुलींना तीन दुपारी लागल्या. तो वेळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

तिसरी गोष्ट, जुन्या अवस्था जपून ठेवायच्या. त्यासाठी गिट नावाचं साधन आहे. चाललेलं काम त्यात नोंदवून ठेवलं की पुढं बिघडलं तरी मागं येता येतं. मुलींना मी सांगितलं, आधी कच्ची शिवण घालतो ना, तसं. पक्की शिवण मारल्यावर उसवण्यापेक्षा ते बरं.

आता शेकडा दोनची गोष्ट.

आमच्या एका गटात पंधराजणी आहेत. महिन्याला दोनशे रुपये बचत, आणि कर्ज शेकडा दोननं. मुलींनी पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला: दहा हजार कर्ज, दोन टक्के व्याज, दहा महिने, मासिक हप्ता किती? एआयनं नीटनेटका हिशेब दिला, पहिल्या महिन्याचं व्याज १६ रुपये ६७ पैसे. मुलींना ते बरोबर वाटलं. मलाही वाटलं, हे सांगायला हवं. आम्ही तो कागद गटाच्या बैठकीत नेला. हिशेब ठेवणाऱ्या मावशी सातवी शिकलेल्या आहेत. मांडीवरचं सूप न हलवता त्यांनी कागदावर नजर टाकली आणि हसायला लागल्या. "सोळा रुपये? मग मी आजच पन्नास हजार काढते ओ ताई."

यंत्रानं दोन टक्के वर्षाचे धरले होते. बँकेच्या व्यवहारात दर वर्षाचाच सांगतात, आणि ही यंत्रं ज्या लिखाणावर तयार झाली आहेत त्यात बँकेची भाषा भरपूर, आमच्या गटाची जवळजवळ नाही. शेकडा दोन म्हणजे दर महिन्याला शंभराला दोन रुपये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणूनच ते सांगायचं कुणाला सुचलं नाही.

मुली परत गेल्या, दर महिन्याचा आहे म्हणून सांगितलं. एआयनं लगेच माफी मागितली आणि नवा आकडा दिला: दरमहा १११३ रुपये २७ पैसे, दहाही महिने सारखेच. पुन्हा मावशींकडे. यावेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सारखे पैसे कसे? मुद्दल उतरलं की व्याज उतरायला नको का?" गटाची पद्धत अशी की दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडायचं आणि उरलेल्या रकमेवर व्याज द्यायचं. पहिल्या महिन्याला दोनशे, मग एकशे ऐंशी, एकशे साठ, शेवटी वीस. बेरीज अकराशे. यंत्राचा आकडा बँकेच्या समान हप्त्याचा होता. गणित म्हणून त्यात चूक नव्हती, पण व्याज अकराशे बत्तीसच्या वर जात होतं. बत्तीस रुपयांत काय मोठंसं, असं आपल्याला इथं बसून वाटेल. पंधराजणींच्या गटात एकीला बत्तीस रुपये जास्त लागले आणि दुसरीला नाही, तर गट फुटायला तेवढं पुरतं. तुम्ही सगळ्यांनी गट फुटताना पाहिले आहेत.

त्या दिवसापासून आमचा क्रम उलटा झाला. आधी मावशींनी वहीत उत्तर काढायचं. ते उत्तर फोल्डरमध्ये चाचणी म्हणून लिहायचं: दहा हजार, दहा महिने, शेकडा दोन, व्याज अकराशे आलंच पाहिजे. मग एआयला विचारायचं. त्यानं दिलेलं चाचणीत बसलं नाही तर ते कितीही गोड बोलो, घ्यायचं नाही. अशा चौदा चाचण्या झाल्या. एखादीनं मध्येच दोन हजार भरले तर? एखादा महिना कुणी भरलंच नाही तर? बाळंतपण असेल तर? (गटाचा नियम: बाळंतपणात आणि दवाखान्यात दंड नाही. हा कुठं लिहिलेला नव्हता. प्रोग्रामच्या निमित्तानं ठराव झाला आणि वहीत आला.) पैशांचा हिशेब अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवायचा हेही चाचणीतूनच कळलं. संगणकाला शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन मिळवायला सांगा, शेवटी कुठंतरी एक उगाचचा चार दिसतो.

यंत्राचा एक स्वभाव एका मुलीच्या लक्षात आला. बरोबर उत्तरालाही आपण "चुकलं" म्हटलं तर ते कधीकधी माफी मागून उत्तर बदलतं. ती म्हणाली, "ताई, हे तर नव्या सुनेसारखं करतंय." मी त्यावर काही बोलले नाही, पण वाक्य टिपून ठेवलं. जो लगेच हो म्हणतो त्याच्या होकारावर हिशेब सोडता येत नाही.

एकदा एआयनं न सांगता अहवालात एक रकाना वाढवला. ज्यांचा हप्ता चुकला त्यांच्या नावापुढं लाल रंगात 'थकबाकीदार'. मुलींना तो छान वाटला, व्यावसायिक. बैठकीत दाखवला तर एक मावशी उठूनच गेल्या. त्यांच्या नवऱ्याचा अपघात झाला होता त्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी मुली त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्यासमोर ती ओळ पुसली. आता तिथं 'बाकी' एवढंच येतं, काळ्या रंगात.

आता नावेची बाजू. ही सांगावी की नाही असं मनात होतं.

हिशेबाचं काम मार्गी लागल्यावर मला वाटलं, आपल्या समुपदेशन केंद्राच्या नोंदवहीसाठीही असंच काही करावं. एका रात्री घरून मी माझ्या स्वतःच्या मोफत खात्यात आमच्या वहीतल्या चार नोंदी जशाच्या तशा टाकल्या आणि विचारलं, याचा तक्ता कसा करू? तक्ता उत्तम आला. तो वाचताना माझ्या हाताला घाम फुटला. नावं होती. वस्ती होती. एकीचा नवरा कुठं कामाला आहे ते होतं. एक बाई भांडण झालं की रात्री कुठं जाऊन झोपते, तेही होतं.

मी बिएस्टेकची सात तत्त्वं परीक्षेला लिहून आलेली बाई. त्यातलं गोपनीयतेचं तत्त्व नव्या कार्यकर्त्यांना मीच शिकवते. दारावरची पोलीस चौकशी असो की सासरचा फोन, आम्ही कधी नाव बोलत नाही. आणि इथं मी स्वतःच, कुणी न मागता. मी ते संभाषण पुसलं. पण पुसलं ते माझ्या पडद्यावरून. तिकडं ते किती काळ राहतं, पुढच्या यंत्राच्या शिकवणीला वापरतात की नाही, हे त्या कंपनीच्या अटींवर आणि आपण लावलेल्या सेटिंगवर असतं. माझ्या खात्यात ती सेटिंग मी कधी उघडूनही पाहिली नव्हती. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी संमती आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. माझ्या चार नोंदींत तसलं प्रकरण नव्हतं, हे माझं नशीब. ते मी तपासून टाकलं होतं असं नाही.

सकाळी संस्थेच्या बैठकीत सांगितलं. मग चौघींना एकेक करून बोलावून सांगितलं. तिघींना नीट कळलं नाही, किंवा कळून त्यांनी मला सोडून दिलं. चौथी गप्प बसली, मग म्हणाली, "तुम्ही मला विचारलं नाही ताई. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं काय की. पण विचारलं नाही." ती त्यानंतर दोन महिने केंद्रावर आली नाही. आता येते. आधीसारखं सगळं बोलते की नाही, मला सांगता येणार नाही.

केंद्राची नोंदवही आजही कागदाची आहे आणि कपाटाला कुलूप आहे. ती कुठल्याही एआयपुढं ठेवायची नाही असा ठराव आहे. गटाच्या प्रोग्रामसाठीही खरी माहिती वेगळ्या जागी, इंटरनेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर. एआयला दाखवायला मुलींनी खोटा गट तयार केला आहे: दोडका ताई, भेंडी ताई, वांगी मावशी, असे पंधरा सभासद. शेपू ताई दर महिन्याला हप्ता चुकवतात. त्यांच्यामुळे आमच्या निम्म्या चुका सापडल्या.

काम दोघीदोघींनी करायचं, वीस मिनिटांनी जागा बदलायची, एकीनं टंकायचं, दुसरीनं मोठ्यानं वाचायचं. आणि एक नियम: जी ओळ तुम्ही मावशींना तेलुगूत किंवा मराठीत समजावू शकत नाही ती ओळ ठेवायची नाही. यामुळे आमचा प्रोग्राम अडाणी दिसतो. त्या पहिल्या मुलानं परवा पाहिला, म्हणाला हे तीन ओळींत झालं असतं. मुलींनी त्याला विचारलं, त्या तीन ओळी समजावून दे. त्यानं दिल्या, चांगल्या दिल्या, आणि त्यातली एक मुलींनी ठेवून घेतली.

या मुलींना मी एनिॲकची गोष्ट सांगितली होती. १९४५ साली अमेरिकेत त्या मोठ्या संगणकाचे प्रोग्राम मांडायला सहा बायका नेमल्या होत्या, आणि १९४६ साली यंत्राचा गाजावाजा झाला तेव्हा त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. एका मुलीनं ती ऐकून फोल्डरमध्ये एक फाईल वाढवली. त्यात आठजणींची नावं आहेत आणि नवव्या ओळीवर मावशींचं. माझं नाही, कारण मी एकही ओळ लिहिलेली नाही.

अजून एक सांगते. मुली बैठकीत प्रोग्राम दाखवत होत्या, तेव्हा एकीनं विचारलं की शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होतात, मग बँक बरी नाही का? सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सावकाराचे शेकडा पाच, शेकडा दहा आठवले. आपलं व्याज आपल्याच गटात राहतं हेही निघालं. मावशी म्हणाल्या, "दीड करून दाखव." मुलीनं एक आकडा बदलला. अकराशेचे आठशे पंचवीस झाले. दोनशे पंच्याहत्तर रुपये, म्हणजे एकीची महिन्याची बचत आणि वर थोडं. तेव्हापासून तीन बैठका झाल्या. ज्यांना कर्ज हवं आहे त्या दीड म्हणतात, ज्यांची बचत जास्त आहे त्या दोन म्हणतात. अजून ठरलेलं नाही.

वही बंद केलेली नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मावशी वही घेऊन बसतात, मुली प्रोग्रामचा कागद घेऊन, आणि ताळा करतात. आतापर्यंत दोनदा जमलं नाही. एकदा प्रोग्राम चुकला होता, एकदा वही.

दुपारच्या गटचर्चेत मी आमचं सूचनापत्र आणि चाचण्यांची यादी आणणार आहे. ज्यांना आपल्या गटात सुरू करायचं आहे त्यांनी गटाचे नियम लिहून आणा, न लिहिलेले सुद्धा. आणि जुनी वही आणणार असाल तर आणा, पण नावांवर आधी कागद चिकटवून.